सादिकाचा दाखला

दापोडी
२१ डिसेंबर

शोएब,

मुलगी झाल्याचं यास्मिनने तुला व्हिडिओवर दाखवलंच आहे, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. आधी सलाम, मग गॅरेज, मग भांडण. म्हणून हे लिहितोय. बिलबुकाच्या पाठीवर लिहून फोटो पाठवतो, कारण मोबाईलवर टाईप करायला गेलो की माझं एक बोट तीन अक्षरांवर बसतं. आणि मराठीतच लिहितो. तुझ्या-माझ्या उर्दूपुढे मौलवीसाहेबांनी कधीच हात टेकलेत.

जावयाला अहोजाहो करावं म्हणतात. मला जमणार नाही. कोकणातून, खेडहून माझ्याकडे काम शिकायला आलास तेव्हा तुला दहाचा पाना आणि बाराचा पाना वेगळा कळत नव्हता. आता मस्कतच्या वर्कशॉपमध्ये चार माणसं तुझ्या हाताखाली असतील, म्हणून मी तुला 'तुम्ही' म्हणू? हट.

तुझा निरोप मिळाला. जन्माचा दाखला लगेच काढायचा, दाखल्याशिवाय बाळाचा पासपोर्ट नाही, पासपोर्टशिवाय व्हिसा नाही, आणि फेब्रुवारी संपायच्या आत बायको-मुलगी तिथे पोचली नाही तर कंपनी क्वार्टर दुसऱ्याला देणार. समजलं. अडाणी नाही मी.

गेलो होतो नोंदणीच्या खिडकीवर. तिथे ही गर्दी! पुढचा माणूस म्हणाला, दवाखान्यांच्या कॉम्प्युटरवर हल्ला झालाय. मला वाटलं दगडफेक झाली, मी काचा बघायला लागलो. काचा ठीकठाक. मग खिडकीवरच्या अंजली मॅडमनी समजावलं की कुणीतरी लांबून, इंटरनेटवरून आत शिरलं आणि सगळ्याला कुलूप घालून बसलं. दवाखान्यातून नोंदणीच्या ऑफिसात काही येत नाही, ऑफिसातून काही बाहेर निघत नाही.

मी म्हटलं, "मॅडम, मग आमची पोर जन्मली की नाही?"

"जन्मली हो चाचा. पण सिस्टीमला अजून माहीत नाही."

घरी येऊन बाळाला सांगितलं, बाई, तू अजून जन्मलीच नाहीस, आरामात झोप. तिने जांभई दिली.

यास्मिनची तब्येत चांगली आहे. शेजारच्या सोजरबाई रोज बाळाला न्हाऊ घालायला येतात. मुमताज असती तर लेकीच्या बाळंतपणात तिने कुणाला हात लावू दिला नसता. तिला जाऊन आता चार वर्षं झाली, पण बाळ रडलं की मी अजून तिलाच हाक मारतो. अकीका सातव्या दिवशी साधाच केला, एक बकरा आणि बाळाचं नाव. सादिका हे नाव यास्मिनने ठेवलं, तुला पसंत आहे असं ती म्हणाली.

दाखल्याचं लांबलं त्याचं मला वाईट वाटलं बरं का. बरं वाटलं असं समजू नकोस.

बरकत

दापोडी
६ जानेवारी

शोएब,

मी दोन पानं लिहिली आणि तुझं उत्तर काय, तर "दाखला?" एवढंच. प्रश्नचिन्हासकट. एवढी बचत करून तिकडे बंगला बांधणार आहेस काय?

दाखला नाही. सिस्टीम अजून बंदच. पेपरात आलंय, यास्मिनला विचार. आता म्हणे सगळं कागदावर लिहून घेतायत, कुलूप निघालं की एकेक करून चढवणार. मी दर दोन-तीन दिवसांनी जातो. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढून जातो, गिऱ्हाइकं बोंबलतात, तरी जातो.

खरं सांगू? तिथे मला आवडायला लागलंय. इतकी वर्षं मी लोकांना "पार्ट आला नाही, उद्या या" म्हणत आलो. आता तेच मला कुणीतरी म्हणतं, आणि मी हसत घरी येतो. रांगेतले बाकीचे चिडतात. त्यांचंही बरोबर आहे. एक ज्योतीराम म्हणून पोरगा आहे, चाकणच्या कंपनीत कंत्राटी. मूळचा लातूरकडचा. त्याला मुलगा झालाय, आणि कंपनीच्या विम्यात बाळाचं नाव घालायला दाखला लागतो. बाळाच्या छातीत कफ, दवाखान्याची पायरी सुटत नाही त्याची. खिडकीवर यायचं तर शिफ्ट बुडते, त्या दिवसाचा पगार गेला. मी त्याला म्हटलं, भावा, तू माझ्या पुढे हो. मला काय घाई आहे.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मलाच कसंतरी झालं. पण निघालं ते निघालं.

तो म्हणाला, "चाचा, तुमच्यासारखी माणसं ऱ्हायली न्हाईत." मी त्याच्या मागे सरकून उभा राहिलो.

सादिका आता माझा आवाज ओळखते. सोजरबाई म्हणतात एवढ्यात कुठलं. सोजरबाईंना काय कळतंय. मी संध्याकाळी आलो की दारातूनच जीभ टाळूला लावून टॉक-टॉक करतो, तशी ती हातपाय झाडायची थांबते आणि इकडेतिकडे बघत राहते. तुला व्हिडिओवर हे दिसणार नाही, कारण तू फोन करतोस तेव्हा मी घराबाहेर जातो.

क्वार्टरला खिडकी कुठल्या बाजूला आहे? तिकडे ऊन फार. विचारलं आपलं.

बरकत

दापोडी
२० जानेवारी

शोएब,

तुझा मेसेज वाचला. "सिस्टीम सुरू झाली असं इथे एकाच्या भावाने सांगितलं, आपलं काय?" असं तू विचारतोस. तो भाऊ फार हुशार दिसतो. हो, सुरू झालीय. पण सुरू झाली म्हणजे झालं का? डिसेंबरपासूनची सगळी पोरं तुंबलीत. एक दिवस चालते, दुपारी पुन्हा बंद. शिवाय आमच्या दवाखान्याचे कागद उशिरा पोचले. शिवाय मॅडमच्या घरी लग्न होतं. शिवाय मला सर्दी झाली होती.

एवढी 'शिवाय' वाचून तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. मी गिऱ्हाईक असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

ज्योतीरामचं झालं. त्याचं आधी कसं झालं ते मला विचारू नकोस, झालं. परवा पेढे घेऊन गॅरेजवर आला. मी एका रिक्षाची ट्रायल घ्यायला फुगेवाडीकडे गेलो होतो. मग तो घर विचारत विचारत आत गल्लीत गेला, यास्मिनच्या हातात पेढे दिले, बाळाच्या हातात नोट कोंबली आणि बराच वेळ बोलत बसला म्हणे. काय बोलला ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पेढे चांगले होते.

त्या दिवसापासून ती जरा गप्प आहे. बाळंतीण आहे, होतं असं. काल सोजरबाईंकडे बाळ ठेवून कुठेतरी जाऊन आली. म्हणाली, मेडिकलमध्ये गेले होते.

सोजरबाईंचं तोंड तुला माहीत आहे. आज बाळाला तेल लावता लावता मला म्हणतात, "आवो बरकतभाई, लेक सासरी धाडायची न्हाई तर काय लोणचं घालून ठेवताय व्हय बरणीत?" मी म्हटलं, मी कुठे अडवलंय, कॉम्प्युटरने अडवलंय. त्या नुसत्या हसल्या. मला राग आला. राग आला म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन एका बुलेटचं चांगलं चाललेलं कार्ब्युरेटर उघडून बसलो. आता ते बसत नाहीये.

तू फेब्रुवारीचं तीनदा लिहिलंस. मला वाचता येतं.

बरकत

दापोडी
३१ जानेवारी

शोएब,

आज शांतपणे वाच. चहा घेऊन बस.

परवा तू फोटो पाठवलास. क्वार्टरची चावी मिळाली नाही अजून, पण पाळणा तयार आहे, असं खाली लिहिलंस. एक्झॉस्टच्या जुन्या पाइपांचा पाळणा. मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून जोड बघितले. वेल्डिंगचा एकही थेंब बाहेर नाही. कानस मारून कडा गुळगुळीत केल्यात, बाळाच्या बोटाला लागू नये म्हणून. हे मी तुला शिकवलं नव्हतं, ते तुझं तू केलंस. आत कापडसुद्धा अंथरून ठेवलंयस. कुणी नाही त्यात, आणि कापड अंथरलंय.

रात्रभर मला ते दिसत राहिलं. मी आता सरळ सांगतो. सिस्टीम सुरू झाली त्याच आठवड्यात सादिकाचा दाखला तयार होता. अंजली मॅडमनी मला हाक मारून सांगितलं होतं. मी म्हटलं, राहू द्या, नंतर नेतो. त्या म्हणाल्या, चाचा, लोक इथे रडतायत आणि तुम्ही नंतर म्हणता? मी म्हटलं, घाईचं काम नाही. त्याआधीही नंबर आला की मी मागच्याला पुढे ढकलायचो. मागच्यांना वाटायचं चाचा फार दिलदार.

का केलं? घर रिकामं होईल म्हणून केलं. दुसरं काही नाही. मुमताज गेली, तू गेलास, आता या दोघी गेल्या की संध्याकाळी शटर ओढून मी कुणाकडे जायचं? तू गेलास तेव्हा मी भांडलो, कारण तू राहा असं म्हणायला मला यायचं नाही. भांडायला येतं.

तर काल सकाळी उठलो, आंघोळ केली आणि खिडकी उघडायच्या आधी जाऊन उभा राहिलो. पहिला. आज कुणालाही पुढे सोडायचं नाही म्हणून कोपरं बाहेर काढून उभा होतो. मॅडमनी बघितलं आणि म्हणाल्या, "चाचा, आता का आलात? दाखला तुमची मुलगी घेऊन गेली ना. झाले की दहा-बारा दिवस."

तिथल्या बाकावर बसलो. मेडिकलमध्ये गेले होते म्हणाली होती, तो तोच दिवस. ज्योतीरामने पेढ्यांबरोबर सगळं सांगितलं होतं तिला, कौतुक म्हणून. चाचांनी स्वतःचा नंबर मला दिला, नाहीतर त्यांचं तर तेव्हाच झालं असतं.

आता मला सांग, दाखला हातात असून तिने तुला सांगितलं नाही. मला सांगितलं नाही. रोज तू विचारायचास, ती सर्व्हर बंद आहे म्हणायची. बापाचं एक वेळ समजतं. पण हिचं काय? माझ्या मनात नको नको ते आलं. घरी येईपर्यंत माझे तुझ्यावर सगळे आरोप लावून झाले होते.

ती बाळाचे कपडे घड्या घालत होती. मी म्हटलं, दाखला कुठाय? तिने उठून बाळाच्या दुपट्यांखालून काढून समोर ठेवला. ना घाबरली, ना लाजली.

मी म्हटलं, "तुला जायचं नाहीये का?"

"असं मी कधी म्हटलं?"

"मग लपवलास कशाला?"

"तुम्ही कशाला लपवलात अब्बा?"

ती थांबली नाही. अगदी मुमताजसारखी, आवाज न चढवता. म्हणाली, "त्यांनी क्वार्टर घेतलं, तिकीट ठरवलं, एजंट विमानात बसवेल म्हणून सांगितलं. तुम्ही खिडकीवर जाऊन ते सगळं अडवलंत. दोघांनी केलं ते माझ्यासाठीच केलं, मला माहीत आहे. पण मला विचारलं कुणी? दुसऱ्याची गाडी हलवायची तरी चावी मागून घेता ना तुम्ही? तुम्ही मला न विचारता थोडे दिवस घेतलेत, मग मीही थोडे घेतले. तेवढेच माझे होते."

"मग त्या दिवसांत काय केलंस?"

"विचार केला. तिकडे दार लावलं की मी आणि बाळ. बाळ निळं पडलं तर हाक कुणाला मारू, हाही विचार केला. आणि ते तिकडे रोज एकटे जेवतात, हाही केला."

मला वाटलं आता ही म्हणणार की मी राहते. खोटं कशाला बोलू, श्वास रोखून बसलो होतो.

ती म्हणाली, "मी जाणार आहे अब्बा."

शोएब, मी तुझ्याशी एवढी वर्षं भांडलो, पण त्या चार शब्दांनी जे झालं ते तुझ्या कुठल्याही शब्दाने कधी झालं नव्हतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. पाणी प्यायलो नाही.

पण तिच्या अटी आहेत. तू ऐक. तिनेच सांगितलं की तुम्हीच लिहा, म्हणजे तुम्हालाही पाठ होतील. एक, तू स्वतः न्यायला यायचं. बाळंतपणाला आलेली लेक माहेराहून कुणी न्यायला आल्याशिवाय निघत नाही. तुझ्या अम्मीला गुडघ्यांमुळे खेडहून येणं होत नाही हे ठीक, पण तुझे गुडघे चांगले आहेत. एजंटबरोबर ती जाणार नाही. म्हणाली, मी काय भांड्यांचा सेट आहे का पार्सल करायला? दुसरं, आल्यावर माझ्यासमोर बसून जेवायचं, आणि दोघांनीही भांडायचं नाही. तिसरं, दर वर्षी महिनाभर ती इथे येणार, हे आत्ताच कबूल करायचं. यात क्वार्टर गेलं तर गेलं, दुसरं शोधा म्हणाली.

मला या अटी मान्य आहेत. तुझं तू बघ. पण ये. मला ती तुझ्या हातात द्यायचीय.

बरकत

दापोडी
१० फेब्रुवारी

शोएब,

"येतो उस्ताद, रजा मिळाली." एवढं वाचून मी गॅरेजमध्ये खुर्चीवर बसून राहिलो. गिऱ्हाईक विचारत होतं, चाचा काय झालं, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, येतंय कुणीतरी. त्याच्या बुलेटचं कार्ब्युरेटर फुकट बसवून दिलं. माझीच करणी होती ती, पण त्याला कुठे माहीत.

रमजान आठवड्यावर आलाय. एखादा रोजा इथे उघडशील आमच्याबरोबर. खजूर तिकडून आण, इथले चांगले मिळत नाहीत. तुझ्यासाठी यास्मिनने तांदळाच्या भाकरी आणि सुकं मटण ठरवलंय. खेडच्या पद्धतीने, असं ती म्हणते. मला खेडची पद्धत काय माहीत, मी गप्प बसून खाईन. भांडणार नाही. सांगून ठेवतो की मटणात नारळ जास्त झाला तर मला तोंड आवरणं अवघड जातं.

बाळाच्या पासपोर्टचे कागद भरले. दाखल्याची झेरॉक्स काढायला गेलो तेव्हा मी ती मशीनवर स्वतःच ठेवली, दुकानदाराला हात लावू दिला नाही. तुझं नाव आहे त्यावर, यास्मिनचं आहे. जन्माचं ठिकाण पिंपरी. ते कुणी बदलू शकत नाही, मी बघून घेतलं.

आणि फोटो काढला काल. हे तुला सांगायचंच होतं, बाकी सगळं यास्मिन सांगेल.

स्टेशनजवळ प्रज्वलचा स्टुडिओ आहे, तिथे गेलो. त्याने सांगितलं, पासपोर्टला मागे पांढरं पाहिजे, डोळे उघडे, तोंड बंद, नजर सरळ कॅमेऱ्यात. एवढं तर मोठ्या माणसांना जमत नाही. पांढरी चादर अंथरून सादिकाला झोपवलं आणि तो वर स्टुलावर चढला. बाईसाहेब गाढ झोपल्या. यास्मिनने गाल थोपटले. नाही. प्रज्वलने मोबाईलवर चिमण्या वाजवल्या. नाही. पायाला गुदगुल्या केल्या तर तोंड उघडून असा भोंगा लावला की बाहेरची दोन कॉलेजची पोरं पळाली. रडणं थांबलं की पुन्हा डोळे मिटायचे. प्रज्वल घामाघूम. म्हणाला, चाचा, उद्या या.

मी म्हणू शकलो असतो. उद्या येऊ. काय बिघडलं असतं एका दिवसाने?

मी म्हटलं, सरक जरा. त्याच्या शेजारी स्टुलावर चढलो. माझ्या वयाला साजेसं नाही, यास्मिन ओरडली, पण चढलो. कॅमेऱ्याच्या मागे डोकं नेलं, अगदी मधोमध, आणि टॉक-टॉक केलं.

तिने डोळे उघडले. इकडेतिकडे बघितलं नाही. सरळ वर बघितलं. तोंड बंद, कपाळाला जराशी आठी. मी हललो नाही, श्वाससुद्धा घेतला नाही. प्रज्वलने एकदा, दोनदा, तीनदा बटण दाबलं आणि म्हणाला, झालं चाचा, उतरा खाली.

मी लगेच उतरलो नाही.

फोटो फार चांगला आलाय. विमानतळावरचा साहेब बघेल तेव्हा त्याला वाटेल, पोर काय सरळ समोर बघतेय. वाटू दे त्याला. ती माझ्याकडे बघतेय.

बरकत